मोहाखालचा मुक्काम

वर्धा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या शिवरात्रीची ही गोष्ट. त्या काळी आर्वीकडची माणसं डोंगरातल्या महादेवाच्या जत्रेला बंडीनं जात. बंडीवर तट्ट्याचं छप्पर, आत तणसाची गादी, मागे पिठाचा डबा, वांगी, गोवऱ्या. घरच चाकांवर चाले म्हणा ना. फक्त मुक्काम कुठे करायचा, यावरून वाटेतच वाजायचं.

"औंदा देवळाजवळच्या झोपडीत उतरू," रूपराव म्हणाला. "कुडाची हाये, सारवलेली हाये. थंडी नाई लागत."

"झोपडी काऊन?" त्याची आई आनंदाबाई म्हणाली. "जत्रेतल्या दुकानदारानं राहुट्या लावल्या म्हनतेत. सतरंजी, कंदील, समदं आयतं. एखांदी रात तरी मले सरकारीण होऊ दे."

"सरकारीणबाई, तिथं ढेकूण बी आयतेच असतेत!"

रूपरावची बायको भागीरथा हसली नाही. "मागच्या साली उतरलतो तिथंच," ती म्हणाली. "नाल्याकाठी, मोहाखाली."

"तिथं काय हाये व? नुसते गोटे."

"तिथंच."

सात वर्षांची कांता, त्यांची लेक, बंडीच्या कोपऱ्यात गुडघे जवळ घेऊन बसली होती. वर्षभर ती अशीच होती.

मुक्काम मोडताना एक रीत असे. जिनं चूल पेटवली, तिनंच चुलीचे गोटे पायानं सारायचे आणि एकेकाला घरी चालण्याची हाक द्यायची. ज्याला हाक, त्यानं 'ओ' म्हणायचं. नाहीतर माणूस मागं राहतं, असं बाया म्हणत. मागच्या साली पुढच्या बंड्या निघून गेल्या होत्या, घाई होती. कांता तणसावर झोपलेली. निजलेल्या लेकराला कशाला उठवा, म्हणून भागीरथेनं तिला हाक दिली नाही. गोटेही सारायचे राहिले.

आधीची कांता म्हणजे भिंगरी. नाक आईच्या लुगड्याला पुसायची, गूळ चोरायची, झोपेत लाथा मारायची. जत्रेहून आली ती गप्प. ताटात वाढलं ते खायची, सांगितलं तिथं बसायची. गुळाचा डबा उघडा राहिला तरी त्याला मुंग्याच लागत. हाक मारली की यायची, पण 'ओ' म्हणत नसे. पोरगी शहाणी झाली, असं गाव म्हणे. भागीरथा रात्री तिच्या तोंडाकडं बघत राही.

पण पावसाळ्यात भागीरथेला हिवताप भरला, तेव्हा हीच पोर रात्र रात्र तिच्या पायाशी बसून पाय दाबायची. हात थंडगार असत. भागीरथा आधी ते सोसत होती. मग ती त्या हातांची वाट पाहू लागली.

बंडी मोहाखाली आली. वर्षभरात नाला चढून गेल्याच्या खुणा बुंध्यावर होत्या. तरी मागच्या सालचे चुलीचे गोटे जसेच्या तसे उभे होते. भागीरथेनं राखेला हात लावला. राख कोमट होती. शेजारी पळसाच्या पानावर मातीचे रोडगे मांडलेले, अजून ओले. प्रत्येकाच्या मधोमध बोटानं पाडलेलं भोक.

गोवऱ्यांवर भाजायच्या खऱ्या कणकेच्या रोडग्यांना अशी भोकं पाडून कांता आजीच्या शिव्या खायची.

"कोन्या पोराइनं खेळ केला असन," आनंदाबाई म्हणाली, पण तिनं ते पान उचललं नाही. कांता बंडीतून खालीच उतरली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी रूपराव बैल जुंपू लागला. भागीरथेनं चुलीचे गोटे पायानं सारले.

"आत्याबाई, चाला घरी."

"ओ," म्हणत आनंदाबाई आत जाऊन कलंडली.

नवऱ्याचं नाव घ्यायचं नसे. "अवो, चाला घरी."

"ओ," बैलांपाशी वाकलेला रूपराव म्हणाला.

तिचा पदर ओढला गेला. बंडीच्या मागच्या कडेवर कांता बसली होती. पदर तिनं दोन्ही मुठींत धरला होता.

"आई, माह्यं नाव नको घेऊ."

"काऊन व?"

"मंग मले उतरा लागन."

भागीरथेनं तिच्या केसांवरून हात फिरवला. सकाळी तिनंच तेल लावून वेणी घातली होती.

"माह्यानं तुले तरास झाला का?"

"नाई व माय," भागीरथा म्हणाली.

तेवढ्यात मोहामागं कोणीतरी नाक वर ओढलं.

भागीरथेनं डोळे मिटले.

"कांते, चाल घरी."

पदर सुटला.

"ओ!"

धुळीनं भरलेली पोर धावत आली, तिच्या मांड्यांना बिलगली आणि लुगड्याला नाक पुसलं. केस पिंजारलेले. अंगाला राखेचा वास. भागीरथेनं बंडीकडं पाहिलं. मागची कड रिकामी होती.

बंडी हलली.

"आई, गूळ हाये का? आजी सरक ना! आई, आपलं वासरू केवढं झालं?"

"आज लयच तोंड सुटलं व हिचं," आनंदाबाई झोपेत पुटपुटली. "जत्रा मानवली पोरीले."

भागीरथेनं लेकीला छातीशी आवळलं. वर्षभर अडलेलं रडू आता आलं, आणि ते कोणासाठी, हे तिचं तिलाच कळेना.

"आई, तिनं मले सांगतलं."

"काय?"

"रात्री तुहे पाय दाबून देजो म्हने. गुडघ्याखाली जास्त दुखते म्हने."

भागीरथेनं मागं वळून पाहिलं. सारलेले गोटे पुन्हा जागेवर होते. त्यांच्यामधून बारीक धूर निघत होता.

हाक मारायला तिनं तोंड उघडलं. पण काय नावानं मारणार? वर्षभर जिला पोटाशी घेऊन झोपली, तिचं नाव तिला ठाऊकच नव्हतं. तिनं तोंड मिटलं.

मागून, मोहाखालून, कोणीतरी म्हणालं, "ओ."