उमरावाच्या वळणावर गाडी का थांबते?

“आली,” ओदेत कुजबुजली.

“आली कुठे? अजून नुसता आवाज आलाय,” सोलांज म्हणाली. “डोकं खाली घे. तुझ्या केसांतली ती लाल फीत पलीकडच्या गावातूनसुद्धा दिसेल.”

तिघंही घेवड्याच्या वाफ्यात पोटावर पालथी पडली होती. बारा वर्षांची सोलांज, तिची मैत्रीण ओदेत म्हणजे पाववाल्याची मुलगी, आणि सुट्टीसाठी पॅरिसहून आलेला सोलांजचा आतेभाऊ फेर्नां. फेर्नांच्या सदऱ्यात एक गोगलगाय शिरली होती. हलायचं नाही म्हटल्यावर तो बिचारा दात आवळून पडून होता.

समोर लूसाद गावचं रेल्वे फाटक होतं. सोलांजची आई एर्मीन फाटकवाली. तिने दांडा कधीच खाली ओढला होता आणि हातात गुंडाळलेली झेंडी घेऊन ती ताठ उभी होती. रस्त्यावर एक घोडागाडी आणि एक हंस, दोघं मुकाट्याने थांबलेले. जंगलातून सकाळच्या गाडीची घरघर जवळ आली, आणि मधेच बंद पडली.

पाखरांचा आवाज ऐकू येऊ लागला. घोड्याने कंटाळून पाय बदलला. हंस कंटाळून निघून गेला. मग केव्हातरी घरघर पुन्हा सुरू झाली आणि ती लाल-पिवळी एका डब्याची डिझेलगाडी डुलत डुलत फाटकातून गेली. चालक बार्बूतोकाकांनी खिडकीतून टोपी उचलून एर्मीनला गोड हसून नमस्कारही केला.

“पाहिलंस?” सोलांज उठून बसली. “फाटक बंद होतं. आपण तिघं साक्षीदार आहोत.”

“घोडा धरून चार,” फेर्नां पाठ खाजवत म्हणाला.

त्या नमस्कारामागे काय होतं ते सगळ्या लूसादला ठाऊक होतं. गेले काही दिवस गाडी खाली पेरेझाकला उशिरा पोचत होती. तिथली मोठी गाडी काही कुणासाठी थांबत नाही. ती निघून जायची आणि दुधाचे कॅन फलाटावर उन्हात नासायचे. बार्बूतोकाका स्टेशनमास्तरांना खिन्न चेहऱ्याने सांगायचे, “काय करणार, वळणावरून लूसादचं फाटक उघडं दिसतं. थांबावंच लागतं. बिचारी एर्मीनबाई, डुलकी लागत असेल.”

आता तपासनीस साहेब येणार होते. फाटकवालीची चूक ठरली की नोकरी जाणार, आणि फाटकाशेजारचं घर नोकरीबरोबरच मिळालेलं. म्हणजे घर, कोंबड्या, हा घेवड्याचा वाफा, सगळं सोडून शहरात आत्याच्या माळ्यावर राहायला जायचं. एर्मीनने हळूहळू ट्रंका खाली काढायला घेतल्या होत्या. सोलांजला ते बघवत नव्हतं.

“रागावू नकोस,” ओदेत म्हणाली, “पण तुझी आई कधीतरी एखादी डुलकी...”

“तुझे बाबा पाव जाळतात तेव्हा मी विचारते का?”

“बरं बाई, नाही विचारत.”

सोलांज मात्र विचारात पडली होती. “हे सुरू कधी झालं? शाळेत जायचो तेव्हा आपण याच गाडीने जायचो. तेव्हा गाडी कधी थांबली नाही. सुट्टी लागली, गाडीत दुधाच्या कॅनशिवाय कुणी उरलं नाही, आणि मधे तो मोठा पाऊस पडून गेला, की लागली थांबायला. आणि थांबते कुठे? उमरावाच्या वळणावर.”

आता या वळणाची गोष्ट सांगायलाच हवी. पेरेझाक ते मोंतेग्रे हे रूळ टाकायचे ठरले तेव्हा सरळ वाट उमरावाच्या वाड्याच्या खिडकीखालून जात होती. उमराव म्हणाला, धुराने माझे मोर काळे पडतील. त्याने इंजिनियरला महिनाभर ठेवून घेतलं आणि असं काही जेवू घातलं की शेवटी त्याला नकाशावर सरळ रेघ ओढता येईना. पोट मधे यायचं. म्हणून रुळांनाही तिथे तसंच पोट आलं आणि ते चेस्टनटच्या दाट जंगलात शिरून मोठा वळसा घेऊन बाहेर आले. ज्याला खोटं वाटत असेल त्याने नकाशा बघावा. पुढे उमराव गेला, मोर गेले, वाड्याचं छप्परही गेलं. वळण तेवढं राहिलं. त्याच्या एका बाजूला दलदल, दुसऱ्या बाजूला कडा. आत जायला पायवाटसुद्धा नाही, फक्त रूळ.

दुसऱ्या दिवशी उजाडल्याबरोबर तिघंजण रुळांच्या कडेकडेने वळणावर पोचली आणि कमरेएवढ्या नेच्यांत दडून बसली. सोलांजने फाटकाच्या दिशेला पाहिलं. झाडं, झाडं आणि झाडं. ती एका खोडावर चढली. तरी झाडंच.

“इथून फाटक दिसतच नाही,” ती खाली उतरत म्हणाली. “उघडंही नाही आणि बंदही नाही.”

“मग काकांना कसं दिसतं?” फेर्नांने विचारलं.

“तेच तर बघायला आलोय. गप्प बस.”

गाडी आली. मंदावली. थांबली. बार्बूतोकाका दार उघडून खाली उतरले. त्यांच्या एका हातात दुधाचा रिकामा कॅन होता आणि दुसऱ्या हातात छोटा वाकडा चाकू. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, एक खार होती तिच्याकडेही संशयाने पाहिलं. मग ते गुडघ्यांवर बसले आणि पाचोळा अलगद बाजूला सारू लागले, जणू बाळाच्या अंगावरचं पांघरूण काढताहेत.

ओदेतने सोलांजचा दंड इतका आवळला की वळ उठला.

पाचोळ्याखाली अळंबी होती. तपकिरी टोपीची, जाड देठाची, राजाच्या पंगतीत वाढावी अशी. लूसादमध्ये आजही सांगतात की त्यातल्या एकाखाली सशाची जोडी पावसाला थांबली होती. काका एकेक देठ कापत होते, कॅनमध्ये निजवत होते आणि मागे राहिलेल्या खड्ड्यावर पुन्हा पाचोळा पसरत होते. शेवटी फांदीने स्वतःच्या पावलांचे ठसे पुसत ते उलटे चालत गाडीपर्यंत गेले. गाडी निघून गेली.

“एवढंच?” फेर्नां म्हणाला. “अळंबी? चला, जाऊन सांगून टाकू सगळ्यांना.”

दोघी मुलींनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू तो चर्चमध्ये शेकोटी पेटवू म्हणाला होता.

“फेर्नां,” ओदेत सावकाश म्हणाली, “माझ्या आजोबांना अळंब्यांची जागा माहीत होती. मरताना त्यांनी पाद्रीबाबांना सगळी पापं सांगितली. जागा नाही सांगितली.”

“आणि कुणाला जागा विचारणं म्हणजे त्याच्या खिशात हात घालणं,” सोलांज म्हणाली. “या दिवसांत आमच्याकडे लोक पूर्वेला जायचं असेल तर पश्चिमेकडून निघतात. आपण सांगितलं तर कुणी खरं मानणार नाही. म्हणतील, मुलं आहेत, दुसरीच जागा लपवताहेत. साहेबांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघायला हवं.”

“पण साहेब गाडीत असताना काका कशाला थांबतील?”

सोलांज खाली पसरलेल्या पाचोळ्याकडे बघत राहिली. मग तिच्या ओठांचा एक कोपरा हळूच वर गेला.

तपासनीस देल्मास साहेब वरच्या टोकाला, मोंतेग्रेच्या खानावळीत उतरले होते. ओदेतची मावशी मोंतेग्रेचीच. म्हणून मुलं संध्याकाळच्या गाडीने वर गेली आणि सकाळी सगळ्यांच्या आधी फलाटावर हजर झाली. साहेब आले. उंच, हडकुळे, मिशीसुद्धा पट्टी लावून कापलेली. ते डब्यात जाऊन बसले आणि त्यांनी घड्याळ काढून गुडघ्यावर ठेवलं. बार्बूतोकाका बाहेर दुधाचे कॅन चढवत होते, आज सगळे भरलेले.

“काय गं, त्या पेरेझाकच्या बायका एवढ्या मोठ्या टोपल्या घेऊन...” फेर्नांने ठरल्याप्रमाणे मोठ्याने सुरुवात केली.

“शूऽऽ!” सोलांजने त्याच्या तोंडावर हात ठेवला आणि घाबरून काकांकडे पाहिलं.

काकांचे हात कॅनवरच थांबले. “कुठल्या बायका रे, बाळ?”

“कुठल्याच नाही,” सोलांज घाईघाईने म्हणाली. “तो पॅरिसचा आहे, काका. त्याला काही कळत नाही.”

“टोपल्या म्हणाला तो.”

“कपडे धुवायच्या असतील,” ओदेत म्हणाली.

“जंगलात?” फेर्नां बोटांच्या फटीतून म्हणाला. सोलांजने त्याला खरोखरीचा चिमटा काढला.

काकांचा चेहरा पडला. सरळ सांगितलं असतं तर त्यांनी मुळीच विश्वास ठेवला नसता. पण लपवलेली गोष्ट ही त्या मुलखात खरीच असते.

गाडी सुटली. सोलांज मुद्दाम साहेबांच्या समोर बसली. काका नाही थांबले तर? गाडी वेळेत पोचेल, साहेब म्हणतील, बघा, मी असताना फाटकवाली जागी होती. मग उद्याच ट्रंका बांधायच्या. ती चालकाच्या मानेकडे बघत होती. मान लाल झाली, मग घामाने चमकू लागली. चेस्टनटची झाडं दोन्ही बाजूंनी जवळ आली. गाडी जोरात होती. तशीच पुढे चालली. सोलांजने डोळे मिटले.

आणि ब्रेक करकरले.

“रुळावर काहीतरी दिसलं, साहेब,” बार्बूतोकाका पुटपुटले. “फांदीबिंदी असेल. आलोच.” ते उतरले आणि त्यांच्या वयाच्या माणसाला न शोभेल अशा वेगाने नेच्यांत नाहीसे झाले.

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर. “नेहमी इथेच थांबते का गाडी?”

“रोज, साहेब,” सोलांज म्हणाली. “काका म्हणतात, इथून आमचं फाटक उघडं दिसतं. तुम्हाला दिसतंय का हो?”

साहेब खाली उतरले. लूसादच्या दिशेला त्यांनी डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, टाचा उंचावून पाहिलं. झाडं. मग ते नेचे बाजूला सारत आत गेले, आणि मुलं त्यांच्या मागोमाग.

बार्बूतोकाका गुडघ्यांवर बसून पाचोळा उचलउचलून बघत होते. “आहेत, आहेत,” ते स्वतःशीच म्हणत होते. “सगळी आहेत माझी लेकरं. नाही नेली मेल्यांनी.”

“चालक,” साहेब म्हणाले.

काका तसेच गोठले. साहेबांची नजर मात्र चालकावरून घसरली आणि पाचोळ्याखालच्या तपकिरी टोप्यांवर जाऊन खिळली. त्यांनी एकदा आवंढा गिळला. तेही शेवटी त्याच मुलखातले.

“म्हणजे आजही फाटक उघडंच होतं म्हणायचं?” त्यांनी हळूच विचारलं.

“नव्हतं, साहेब,” काका मान खाली घालून म्हणाले. “एकदाही नव्हतं.”

गाडी लूसादला आली तेव्हा फाटक बंद होतं आणि एर्मीन ताठ उभी होती. ओठ तेवढे पांढरे पडले होते. आज प्रथमच गाडी फाटकापाशी थांबली. बार्बूतोकाका टोपी काढून उतरले आणि रस्त्यात जमलेल्या सगळ्यांसमोर म्हणाले, “एर्मीनबाई, मी तुमच्यावर खोटा आळ घेतला. फाटक रोज बंद होतं.” का थांबत होतो, हे सांगताना ते इतके घुटमळले की ओदेतच्या बाबांनाही दया आली. साहेबांनी जागेवरच त्यांची रवानगी मालगाडीवर केली. मग ते एर्मीनपुढे झुकले.

“बाई, तुमचं फाटक या मार्गावर सगळ्यांत चोख आहे. तुमची मुलगी त्याहून चोख आहे. आम्ही मोठी माणसं कागदांवर विसंबलो. तिने जाऊन बघितलं.”

ट्रंका पुन्हा माळ्यावर गेल्या. दुपारभर कौतुकाची रीघ लागली. खाटकाने सॉसेज आणून दिले आणि सहज विचारलं, “ते वळणाच्या अलीकडे का पलीकडे गं?” पाद्रीबाबांनी मुलांच्या डोक्यावर हात ठेवला आणि झाड कुठलं तेवढं विचारलं. देल्मास साहेबसुद्धा संध्याकाळच्या गाडीने परत जाताना मुद्दाम खिडकीत आले. त्यांना म्हणे झाडी नीट आठवत नव्हती. तिघांनी सगळ्यांना आदराने, भरभरून आणि वेगवेगळी उत्तरं दिली. फेर्नां तर असा काही खोटं बोलू लागला की ओदेत म्हणाली, याला आता पॅरिसला परत पाठवायला नको.

रात्री एर्मीनने जेवायला ऑम्लेट केलं. सोलांजच्या ताटलीत मोठा तुकडा वाढत ती शेजारी बसली आणि लेकीच्या कपाळावरचे केस मागे सारत म्हणाली, “आज तू आपलं घर वाचवलंस, पोरी.” मग आवाज खाली आणून, दाराकडे एकदा बघून, “मला तरी सांग. नक्की कुठे गं?”

सोलांजने पावाचा तुकडा तोडला, नीट चावला, गिळला. आईच्या डोळ्यांत डोळे घालून ती म्हणाली, “जुन्या चॅपेलच्या मागे. ओढा ओलांडला की डावीकडे.”

जुन्या चॅपेलच्या मागे ओढा नाही. एर्मीन तिच्याकडे बघत राहिली. मग हसू दाबत ती उठली, आणि जाता जाता लेकीची पाठ थोपटून म्हणाली, “शाबास.”