मधलं नाव जयंत

माझ्या कागदोपत्री नवऱ्याशी माझी पहिली भेट टावर चौकाजवळच्या विमा एजंटच्या दुकानात झाली. तेव्हा तो पोहे खात होता.

मी मात्र पेटलेली होते. कंपनीने लीजवर दिलेली गाडी चार वर्षं मीच चालवली... देवास, नागदा, शाजापूर, मागच्या सीटवर औषधांची खोकी घेऊन. लीज संपल्यावर उरलेली किंमत भरून तीच विकत घेतली. आरसीवर झोकात नाव आलं, ऋता जयंत देशपांडे. आणि विम्याच्या पॉलिसीवर? नुसतंच जयंत देशपांडे! नातं – पती.

"तिवारीजी, ये जयंत कौन है?"

"आपके पति, मैडम. ये बैठे तो हैं."

पोहेवाला दचकून उठला. मिशीला शेव चिकटलेली.

"नमस्कार... मी जयंत देशपांडे. मी माझ्या मोटारसायकलच्या विम्यासाठी आलो होतो हो. सकाळपासून मला नव्या कारबद्दल अभिनंदनाचे मेसेज येऊन राहिलेत. माझ्या तर काही समजण्यात नाही आलं."

तिवारीजींच्या मात्र सगळं समजण्यात आलं होतं. दोघांच्या फायली एकाच दिवशी आल्या, आडनाव एक, आणि माझ्या नावाच्या मध्ये जयंत. "बीच में तो पति का ही नाम होता है ना? घर की गाड़ी समझके साहब के नाम कर दी."

"हम मराठी लोगों में शादी से पहले बाप का होता है!"

"अच्छा... तो पिताजी भी जयंत?"

"हो!" मी मराठीतच ओरडले. जयंतने घाईघाईने पोह्यांत तोंड खुपसलं. तो हसतोय हे मला त्याच्या पाठीवरूनही कळत होतं.

गाडी एकीची आणि विमा भलत्याचा, म्हणजे उद्या कुठे ठोकली तर दमडी मिळायची नाही. गाडी अंगणात उभी राहिली आणि मी बसचे धक्के खात शाजापूरला जाऊ लागले. त्यात पॉलिसीला मोबाइल नंबरही त्याचाच लागलेला. दुरुस्ती करायची तर ओटीपी जायचा त्याच्या फोनवर. माझ्या गाडीचा विमा माझ्या नावावर करायला मला एका परक्या माणसाची विनवणी करायची होती!

पहिली दुरुस्ती झाली. पॉलिसीवर आलं, ऋता, पत्नी जयंत देशपांडे. मी कपाळावर हात मारला. पुन्हा दुकान, पुन्हा तिवारीजी, पुन्हा जयंत.

"ओटीपी सांगा," मी म्हटलं.

"चार... सात... पुढचा आकडा नीट दिसत नाहीये. चहा घेतला की दिसेल."

"तुम्ही मुद्दाम करताय."

"हो," तो म्हणाला.

मला जास्तच राग आला. चहा मात्र घेतला. आल्याचा, वाफाळता. त्याने माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी पेल्यात पाहिलं, आणि मी वर पाहिलं तेव्हा तो पाहतच होता.

"एक विचारू? नावावरून इतक्या का चिडता?"

का कोण जाणे, सांगून टाकलं. मागच्या वर्षी माझं लग्न जवळजवळ ठरलं होतं. मुलाच्या आईने लग्नात तांदळात लिहायचं नाव आधीच काढून ठेवलं होतं – मुक्ता.

"चांगलं नाव आहे."

"आहे ना. पण माझं नाही." मी पेला आपटला. "ऋता बाबांनी ठेवलंय. मी नाही म्हटलं, स्थळ मोडलं. अक्का, म्हणजे माझी आत्या, अजून म्हणते, एवढ्याशा नावासाठी हातचं स्थळ घालवलंस."

तो हसला नाही. उपदेशही केला नाही. बिस्किटांची बशी तेवढी माझ्याकडे सरकवली. मी दोन उचलली.

त्या ओटीपीने पॉलिसीवरची 'पत्नी' गेली, पण नात्याच्या रकान्यात 'पती' तसाच राहिला. शेवटची दुरुस्ती होती त्या संध्याकाळी तो नदीवर राम घाटावर ड्यूटीवर होता... वीज कंपनीत इंजिनिअर ना! तिवारीजींचा फोन आला, "ओटीपी गया है मैडम, जल्दी लीजिए." जयंत फोन उचलेना. मी चरफडत ऑटो केली.

ओल्या पायऱ्यांवर, दिव्याच्या खांबाखाली तो उभा होता. खांद्यावर वायरचं वेटोळं, कानात आरतीच्या घंटा, त्यामुळे फोन ऐकू आला नसणार. त्याला पाहून मला फार बरं वाटलं. मग स्वतःचाच राग आला.

"ओटीपी."

त्याने फोन काढला. थबकला. "हा सांगितला की... माझं काम संपलं?"

"संपलं."

त्याने सहाच्या सहा आकडे एका दमात सांगितले. ना चहा, ना बहाणा. मी ते तिवारीजींना कळवले आणि जरा वेळाने पॉलिसी आली. ऋता जयंत देशपांडे. पती-बिती कोणी नाही.

झालं की मनासारखं! मग डोळ्यांत पाणी का यावं?

"इतकं सरळ सांगता येत होतं, तर मागच्या वेळी का छळलंत?" मी त्याच्यावरच उखडले.

"मागच्या वेळी तुम्ही उठून जाल अशी भीती होती. आज म्हटलं, आधी तुमचं नाव तुम्हाला पुरतं मिळू दे... मग विचारावं."

"काय विचारावं?"

"ऋताजी, माझ्याशी लग्न केलंत ना, तर..." त्याने माझ्या फोनकडे बोट दाखवलं. "यातलं काही बदलावं लागणार नाही. एक मात्राही नाही."

मी त्या तीन शब्दांकडे पाहत राहिले. खरंच की!

"गोत्र?" माझ्या तोंडून चक्क अक्का बोलली.

"काश्यप. तुमचं?"

"वसिष्ठ," मी म्हटलं, आणि आपण काय बोलून बसलो ते कळून कानापर्यंत लाल झाले. तो गालातल्या गालात हसत होता. "हसू नका! घरात जयंत म्हणून हाक मारली की बाबा आणि तुम्ही, दोघं ओ द्याल. त्याचं काय?"

"मग तुम्ही मला अहो म्हणा."

"मुळीच नाही."

"बरं. मग पहिली ओ बाबांची."

"उद्या सकाळी गाडी घेऊन येते," मी म्हटलं. "पोहे खायला जाऊ. पण चालवणार मी."

"गाडी तुमची," तो म्हणाला, "नाव तुमचं..."

"मधलं सोडून," मी म्हटलं.