वळणावर मुका होणारा स्पीकर

न्हाणीघरात ताईने मगभर पाणी ओतलं आणि स्पीकर आडवा झाला, पण त्याचा ठेका काही थांबला नाही.

"पाण्यात पास," म्हणत वकिलाने वहीत बरोबरची खूण केली.

वकील म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. वय वर्षं बारा, पण वाद घालायला बसला की मोठमोठ्यांना घाम फुटायचा, म्हणून हे नाव. सुट्टीत दोघं मावशीकडे आली होती. मावशीची आठ वर्षांची लेक पिटुकली टॉवेल घेऊन तयारच उभी होती. तिने स्पीकरला तान्ह्या बाळासारखं पुसलं.

हा सगळा खटाटोप गंमत म्हणून चालला नव्हता. मावशी वसाहतीतल्या बावीस आजी-आजोबांना रोज सकाळी सात वाजता फिरायला न्यायची. कमरेला हा नारळाएवढा स्पीकर अडकवायचा, फोनवरून ठेका लावायचा आणि सगळ्यांनी त्या तालावर पावलं टाकायची. ताल मिळाला की दुखरे गुडघेसुद्धा कुरकुर विसरतात, असं ती म्हणायची. त्यातली काही माणसं तर वर्षानुवर्षं जिना उतरली नव्हती. मावशीने दारोदार जाऊन, गोड बोलून, प्रसंगी रागावून त्यांना बाहेर काढलं होतं.

पण आठवड्यापूर्वी नवा आल्यापासून हा पठ्ठ्या रोज एकाच जागी दगा देत होता. पिवळ्या इमारतीचं वळण आलं की चिडीचूप! मावशी तो बंद करून चालू करायची, आणि वळण मागे पडलं की स्वारी पुन्हा सुरू. काल ताल मध्येच तुटला तेव्हा डॉक्टरआजोबांची काठी घसरली आणि ते भिंतीवर जाऊन आदळले. नशीब, खरचटण्यावर निभावलं.

वसाहतीचे चिटणीस असलेल्या काकांना तेवढं निमित्त पुरलं. त्यांना आधीपासून चाकांचा, कपाटाएवढा स्पीकर हवा होता. मावशीने हट्टाने हा छोटा निवडला, तेव्हापासून ते घुश्शातच होते. असल्या खेळण्यापायी कुणाचं हाड मोडायच्या आत हे फिरणं बंद करावं, असा ठराव ते रविवारच्या सभेत मांडणार होते. आज होता शुक्रवार. मावशी कालपासून नीट जेवली नव्हती, आणि ते तिघांनाही सहन होत नव्हतं.

म्हणून ही परीक्षा. काल फिरून आल्यावर ताईने स्पीकर पूर्ण चार्ज करून लावून ठेवला होता, तो सलग अकरा तास वाजला. पलंगावरून सतरंजीवर तीनदा पाडला, तरी त्याला ढिम्म फरक पडला नाही. मग पिटुकली फोन घेऊन गल्लीत चालत सुटली आणि चाळीस पावलांपर्यंत आवाज तुटला नाही.

"सगळ्यात पास. मग वळणावरच काय होतं याला? भूत दिसतं की काय?" ताई वैतागून म्हणाली.

भुताचं नाव काढताच पिटुकली वकिलाला चिकटली. वकील मात्र विचारात पडला होता. त्याचं म्हणणं होतं की साक्षीदाराला घरात कोंडून काही कळणार नाही, गुन्ह्याच्या जागीच न्यायला हवं.

शनिवारी सकाळी तिघं फिरायला निघाली. ताई एका बाजूने, वकील दुसऱ्या बाजूने, दोघांचे कान मावशीच्या कमरेकडे. वळण आलं. ठेका थांबला. बावीस माणसं अडखळली आणि मावशीचा चेहरा पार उतरला.

पण वकिलाचे डोळे चमकत होते. गप्प व्हायच्या आधी स्पीकर हळूच 'टुण टुण' असा दोनदा बोलला होता. हाच आवाज तो मावशीचा फोन जोडला की करायचा.

"ताई, हा बंद पडत नाहीये," तो कुजबुजला. "हा मावशीला सोडून दुसऱ्याच कुणाच्या तरी फोनला जाऊन चिकटतोय!"

चाळीस पावलांत राहत होतं कोण? पिवळ्या इमारतीत खाली शिंपीकाका, त्यांच्याकडे फोनच नव्हता. मधल्या घराला कुलूप. आणि वरच्या मजल्यावर साक्षात चिटणीसकाका. ताईने मावशीला विचारलं, की स्पीकर आला तेव्हा पहिल्यांदा कुणाच्या हाती पडला? मावशी म्हणाली की खोकं वसाहतीच्या कार्यालयात आलं आणि दोन दिवसांनी तिला मिळालं. वरची चिकटपट्टी उघडलेली होती, पण तिला वाटलं दुकानदारानेच उघडली असेल.

आता पुरावा हवा होता. नुसतं जाऊन विचारलं तर काका कानांवर हात ठेवणार, हे सांगायला वकील लागत नव्हता.

रविवारी सकाळी मंडळी वळणाशी पोचायच्या जरा आधी पिटुकली चिटणीसकाकांच्या दारात जाऊन उभी राहिली. दोन वेण्या, मोठे डोळे आणि चेहऱ्यावर असा भाव, की कुणीही विरघळावं.

"काका, तुम्ही भाषण फार छान करता म्हणे. फोनमध्ये भरलेलं असेल तर मला ऐकवा ना."

काका फुलले. संध्याकाळच्या सभेचं भाषण त्यांनी सरावासाठी फोनमध्ये भरून ठेवलंच होतं. गॅलरीत खुर्ची ओढून ते ऐटीत बसले आणि त्यांनी बटण दाबलं. फोन गप्प. त्यांनी फोन कानाला लावला, हलवला, पुन्हा बटण दाबलं.

आणि खाली रस्त्यावर, बावीस माणसांच्या मधोमध, मावशीच्या कमरेवरून चिटणीसकाकांचा आवाज घुमला, "बंधूंनो आणि भगिनींनो, हा टाकाऊ स्पीकर ताबडतोब..."

 मग डॉक्टरआजोबा काठीवर भार देऊन असे खदाखदा हसले, की सगळी गल्ली हसायला लागली. काका गॅलरीत उभे, तोंडाचा आ, हातात मुका फोन.

बिचारे खाली आले आणि सगळं कबूल करून मोकळे झाले. खोकं आलं तेव्हा 'बघू तरी यात काय दम आहे' म्हणून त्यांनीच ते दोन दिवस घरी नेलं होतं. स्पीकर उत्तम वाजला, म्हणूनच सांगायला जीभ रेटली नाही. पण आपला फोन त्याला अजून जोडलेला आहे आणि रोज स्पीकर गॅलरीखालून गेला की त्याला ओढून घेतोय, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

ताईने त्यांचा फोन मागून घेतला आणि अर्ध्या मिनिटात त्यातून स्पीकरचं नाव पुसून टाकलं. मावशीने ठेका लावला. सगळी मंडळी मागे जाऊन पुन्हा वळणावर आली, आणि स्पीकर एक ठोकाही न चुकता वळण पार करून गेला. बावीस जणांनी टाळ्या वाजवल्या. मावशी हसतहसत डोळे पुसत होती.

संध्याकाळच्या सभेत चिटणीसकाका उभे राहिले. जुन्या ठरावाचा कागद घरीच ठेवला होता. सगळ्यांसमोर त्यांनी डॉक्टरआजोबांची हात जोडून माफी मागितली आणि फिरणं कायम चालू ठेवण्याचा ठराव स्वतःच मांडला. बावीस हात एकदम वर गेले.

डॉक्टरआजोबांनी तिघांना पुढे बोलावलं. ताईच्या डोक्यावर हात ठेवला, वकिलाची पाठ थोपटली आणि पिटुकलीला चक्क टेबलावर उभं केलं.

"आम्ही सगळे स्पीकरला नावं ठेवत बसलो," ते म्हणाले. "या पोरांनी मात्र त्याचं म्हणणं ऐकून घेतलं. शाबास!"

सोमवारी सकाळी सात वाजता मावशीने माणसं मोजली तर तेवीस भरली. सगळ्यात शेवटी, नवे बूट घालून, ताल चुकवत चिटणीसकाका चालत होते.