पेडलवरचा पाय

विश्वास ठेवायचा की नाही, तुमचं तुम्ही ठरवा. तानबामामा माझे सख्खे मामा. थापा मारण्याएवढा उत्साह त्यांच्यात आता उरलेला नाही.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. कारंजा घाडगेला हायवेलगत मामांचं गॅरेज आहे, तिथली गेल्या एप्रिलमधली रणरणती दुपार.

मामा पार थकले होते.

हिरालालच्या पिकअपचा गिअर बॉक्स सकाळी बसवला, तर क्लच चिकटायला लागला. पेडल तळापर्यंत दाबलं तरी गिअर खरखरत पडायचा आणि गाडी हळूच पुढे सरकायची.

चूक मामांचीच. बसवताना बॉक्स क्लच प्लेटवर लटकू द्यायचा नसतो, वजनाने प्लेट वाकते. हे दुसऱ्यांना शिकवण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांनीच कंबर भरून आली म्हणून जरा हात ढिले सोडले होते. मग बॉक्स पुन्हा खाली, नवी प्लेट, बॉक्स पुन्हा वर.

"मामा, वांगे सुकून राह्यले ना!" हिरालाल कुरकुरला. भाजीवाला शेतकरी तो, त्याला आर्वीच्या बाजारात माल पोचवायचा होता.

"माहा जीव सुकून राह्यला, त्याचं काय?"

आता क्लचचा दांडा खालून सेट करायचा राहिला. या कामाला दोन माणसं लागतात. एक गाडीखाली, एक पेडलवर. खालचा "दाब!" म्हणतो, वरचा दाबतो. "सोड!" ऐकू येईपर्यंत पाय हलवायचा नाही.

इतकी वर्षं पेडलवर नलूमामी बसायची. चपला काढून, पदर खोचून.

मामी दिवाळीत गेली. तेव्हापासून ज्याची गाडी, त्याचाच पाय.

शेवटची तपासणी इंजिन चालू ठेवून होते. पहिला गिअर, पेडल दाबलेलं, आणि चाकांकडे जाणारा शाफ्ट फिरतो का ते खालून बघायचं. त्यासाठी मागची चाकं उचलून ठेवावी लागतात. मामांनी उचलली नाहीत. पुन्हा जॅक कोण लावत बसणार? चाकांपुढे विटा टाकल्या, हिरालालला पेडलवर बसवलं आणि ते खाली शिरले.

शाफ्ट थांबलेला होता. म्हणजे क्लच नीट सुटत होता.

"धरून ठेव!" मामा ओरडले आणि नट आवळायला लागले.

शाफ्ट जागचा हलला नाही...

नट आवळून झाला. मामांनी मान वळवली, आणि त्यांना दिसले... रस्ता ओलांडून येणारे हिरालालचे पाय.

"मामा, चहा आणला."

इंजिन चालू होतं. मामा गाडीखालीच होते.

ते बाहेर कसे आले, त्यांना आठवत नाही. केबिनचं दार उघडं. गिअर पहिल्यातच. आणि पेडल... तळाला टेकलेलं.

सीटवर कोणी नव्हतं.

"तू उतरला काऊन?"

"न्यूट्रल करूनच उतरलो ना मी!" हिरालालने गिअरकडे पाहिलं आणि त्याचं तोंड उतरलं. "म्हणजे... केलं होतं वाटते."

पेडल सुटलं असतं, तर त्या विटांनी काय डोंबल अडवलं असतं?

मामांनी इंजिन बंद केलं. पेडल तसंच राहिलं. हिरालालने हाताने वर ओढून पाहिलं. हलेना. स्प्रिंग धड होती, कुठे काही अडकलेलं नव्हतं.

मामा केबिनच्या दाराशी वाकले. मग सवयीने त्यांच्या तोंडून हळूच निघालं,

"सोड."

पेडल वर आलं... झटक्याने नाही. अगदी सावकाश, अवघडलेला पाय कोणी जपून उचलावा तसं.

हिरालालची गाडी आजही ठीक चालते. दुसरे मिस्त्री म्हणतात, पेडल असं अडकतं कधीकधी. अडकत असेल.

मामांना भीती कधीच वाटली नाही. त्यांचं दुखणं वेगळं आहे. परवा जेवताना ताट बाजूला सारून म्हणाले, "मी म्हणेपर्यंत पाय उचलत नोती तुही मामी. मले काय घाई होती बावा, सोड म्हणाची?"

आता एकटे असले की ते उभ्या गाडीच्या रिकाम्या केबिनकडे बघून "दाब" म्हणतात. मी स्वतः दारातून पाहिलंय.

पेडल हललं नाही.

तरी मामा किती तरी वेळ तिथेच उभे होते, कान देऊन... आणि मला तिथे थांबवेना.