बेअरिंग नीट आहे

कुमासी शहरातल्या आमच्या ताफो वस्तीत धुणं डोळ्यांनी पाहत नाहीत, कानांनी ऐकतात. साबण लावलेलं कापड दोन मुठींत धरून मनगटावर घासलं की चीक-चीक असा आवाज निघाला पाहिजे. नाही निघाला तर बाई नुसती पाण्यात हात बुडवून बसली आहे, असं शेजारपाजार धरून चालतं. माझी बायको सारपोमा धुवायला बसली की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं. दोनदा लांब चीक, मग एक आखूड चुक, आणि जरासा थांबा. त्या थांब्यात ती शेजाऱ्यांची उणीदुणी काढून घ्यायची.

ती गेल्यावर मी कपडे धुण्याचं मशीन घेतलं. युरोपात कुणीतरी वापरून टाकलेलं. कुमासीत अशी मशीनं कंटेनर भरभरून येतात, आणि नव्यापेक्षा जास्त टिकतात असं विकणारा शपथेवर सांगतो. मशीन आवाज करायचं. चीक, चीक, चुक. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "अगोबाई, धुतंय तरी किती छान!" त्यामुळे पहिले चार महिने हा बिघाड आहे, असं कुणाला वाटलंच नाही. दुसऱ्या कुठल्या गावात असा घोटाळा झाला नसता.

लक्षात आलं ते भाचीच्या. पोकुआ चाळिशीची, शिवणकाम करते. मामा एकटा उपाशी मरेल, या समजुतीने ती माझ्याकडे राहायला आली होती.

"मामा, माझे कपडे टाकले की हे गप्प बसतं."

मी तीस वर्षं सरकारी मोजणी खात्यात काढली आहेत. ऐकीव गोष्ट नकाशावर चढवायची नसते. मी प्रयोग केले. रिकामं मशीन, शांत. पोकुआचे कपडे, शांत. चादरी, शांत. माझे कपडे, चीक, चीक, चुक. मग दोघांचे एकत्र टाकले. आवाज झाला. तासाभराने दार उघडलं, तर माझे शर्ट कॉलरपर्यंत स्वच्छ आणि ओलेचिंब. त्यांच्यात गुरफटलेला पोकुआचा झगा मात्र कोरडा. इस्त्रीची घडीसुद्धा मोडली नव्हती.

"मामीला मी कधी आवडलेच नाही," पोकुआ म्हणाली. हसायला गेली, पण जमलं नाही.

मला काहीच वाटलं नाही. वर्षभर मला काही वाटतच नव्हतं. अंत्यविधीला लोक माझ्या धीराचं कौतुक करत होते. मी मंडपाचे खांब मोजत होतो. बेचाळीस होते.

अडचण होती ती शनिवारची. शनिवारी वर्ष पुरं होत होतं. वर्षभर पांघरलेलं काळं कापड उतरवायचं आणि पांढरं पांघरायचं. त्यानंतर गेलेल्या बायकोचा नवऱ्यावर हक्क उरत नाही, आणि त्याचं घर पुन्हा मांडायला नातेवाईक मोकळे होतात. माझ्या बहिणीने, म्हणजे पोकुआच्या आईने, एक विधवा शिक्षिका हेरूनही ठेवली होती. पोकुआने ते नवं पांढरं कापड खळ काढायला मशीनमध्ये टाकलं. कोरडं निघालं. तीनदा टाकलं. तीनदा कोरडं.

बुधवारी सकाळी सुआमेच्या गॅरेजवस्तीतून मशीन दुरुस्त करणारे मास्टर अम्पाडू आले. पोकुआनेच बोलावलं होतं. जाड चष्मा, तुटक बोलणं. त्यांनी ड्रम हाताने फिरवला, वर उचलून पाहिला, खाली दाबला. पंपाची जाळी उघडली. एक बटण आणि दोन हेअरपिना निघाल्या. पोकुआचे केस बारीक कापलेले आहेत. मास्टरांनी त्या पिना खिडकीत ठेवल्या.

"आवाज करतं म्हणता, तर करून दाखवा," ते म्हणाले.

मी अंगावरचं काळं कापड उतरवून आत टाकलं. चीक, चीक, चुक. मास्टरांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

तेवढ्यात लाइट गेली. मशीन थांबलं.

चीक, चीक, चुक.

मग तोच थांबा. मास्टर तसेच ओणवे राहिले. बराच वेळ. मग त्यांनी स्क्रूड्रायव्हर काढला आणि सदऱ्याला पुसला.

"बेअरिंग नीट आहे."

"मग ऐकलं काय तुम्ही?" मी विचारलं.

"शेजाऱ्यांबद्दल काहीतरी."

मास्टरांनी हत्यारं पिशवीत भरायला घेतली.

"ड्रम बदलता येईल," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "माझ्याकडे एक पडलाय. दुपारपर्यंत बसवतो. मग आवाज राहणार नाही."

"परत येणार नाही ना?"

"जे असेल ते जुन्या ड्रमबरोबर जाईल. भंगारवाला उद्याच येतोय. बोला साहेब, बदलू की राहू दे?"

"बदला," पोकुआ म्हणाली.

"राहू दे," मी म्हणालो.

पोकुआने माझ्याकडे पाहिलं. "अहो मामा, शनिवारी अंगावर काय घेणार?"

तिने पांढरं कापड पिशवीत कोंबलं. "मी आईकडे जाते. हे हाताने धुऊन ठेवते. शनिवारी या. कुठल्याही कापडात या, पण या." मास्टर तिच्या आधीच फाटकाबाहेर पडले होते. तपासणीचे पैसे त्यांनी मागितले नाहीत.

दुपार झाली, तरी लाइट आली नव्हती. मी मशीनचं दार उघडलं आणि काळ्या कापडाचं टोक ओढलं.

आठ वार कापड एकट्याला पिळता येत नाही. एक टोक एकाने धरायचं, दुसरं दुसऱ्याने.

साधारण चार वार बाहेर आलं. मग येईना.

अडकलं असेल म्हणून मी हलकासा हिसका दिला.

आतून हलकासा हिसका आला.

मी डावीकडे पीळ दिला. सवयच ती.

कापड आतून उजवीकडे पिळलं गेलं.

पाणी माझ्या पायांवर पडलं. वर्षभरात पहिल्यांदाच मला काहीतरी जाणवलं. पाणी कोमट होतं.

पीळ घट्ट होत गेला. मग कापड जरासं आत ओढलं गेलं.

मी टोक सोडलं नाही. एक पाऊल पुढे सरकलो.