सासऱ्यांची चुकचुक

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय.

मार्चचा पहिला दिवस. आमच्या सना नदीवर मासेमारीचा हंगाम उघडतो तो. भर दुपार, पण धुक्यात पलीकडचा कडासुद्धा दिसत नव्हता. काठावर गुडघाभर बर्फ.

माझा नवरा रमीझ पाण्यात उभा होता. सासरे गेल्यानंतरची पहिलीच मासेमारी, आणि तीही त्यांच्या डोहावर.

सासरे म्हणजे दरविश, रमीझचे बाबो. स्वतःला नदीचे सुलतान समजायचे. रमीझने गळाला बांधलेली पिसांची नकली माशी पाण्यावर टाकली, की हे जीभ चुकचुकवणार.

"माशी टाकतोस की दगड, गाढवा?"

पोरगा चाळिशीला आला तरी हेच.

रमीझने गळाच्या काठीवर दोरी ओवायच्या कड्यांत गोठलेला बर्फ तोंडाच्या वाफेने वितळवला. माशी टाकली. ती थपकन पडली.

आणि धुक्यातून...

च्यक्.

पाल असेल म्हटलं. पण एवढ्या बर्फात पाल कुठली?

पुन्हा माशी. पुन्हा... च्यक्.

पलीकडे सरळसोट कडा आहे. तिथे माणूस उभाच राहू शकत नाही.

"बाबो पुढे बोलावतायत," रमीझ म्हणाला. "थंडीत मासा तळाशी बसतो म्हणे. अजून पुढे."

पाणी कमरेला लागलं. मग छातीला. त्यापुढे तळ एकदम तुटतो. अख्ख्या गावाला माहीत आहे.

"रमीझ, माघारी फिर!"

"थांब गं. या वेळी नीट पडेल."

च्यक्.

नदीचा आवाजच बंद झाला...

माझं डोकं फिरलं. जिवंतपणी ज्यांना कधी उलटून बोलले नाही, त्यांच्यावर ओरडले.

"ओ सुलतान! नदीत पकडले म्हणून मिरवायचात ते मासे तळ्यातले, विकत आणलेले! तळ्याच्या सिमेंटला घासून शेपट्या झिजलेल्या! साफ कोण करत होतं? मीच ना? आता पोराला कशाला बुडवताय?"



मग रमीझ हसला. खदखदून. बापावर हसताना मी त्याला पहिल्यांदाच पाहिलं. हसत हसतच तो काठावर आला.

माझ्या थर्मासशेजारी, बर्फावर, एक ट्राउट तडफडत होता...

अस्सल नदीतला. अंगावर लाल ठिपके, शेपटी पंख्यासारखी अखंड. तोंडाला गळाची जखम नाही. आजूबाजूला माझ्याशिवाय कुणाच्या पावलाचा ठसा नाही.

मी तो पाण्यात सोडला.

दुसऱ्या सकाळी दाराशी दुसरा होता. आता रोज असतो. आमचं घर डोंगरावर, नदीपासून तासभर चालत.

"माफी मागून टाक ना," रमीझ म्हणतो.

माझं खेटर मागतंय माफी. तळ्यातले ते तळ्यातलेच.

पण आजचा मासा दाराबाहेर नव्हता.

कडी आतून होती... आणि तो माझ्या स्वयंपाकघरात, मासे साफ करायच्या फळीवर पडला होता.

जिवंत.