वळणावरून दिसणारी निळी भिंत

टक टक... टक.

ती जिन्याचा कठडा वाजवून बघत होती. बोटांच्या पेरांनी लाकूड वाजवलं की ते बोलतं. भरीव बोललं तर ठीक, पोकळ बोललं तर आत काहीतरी शिजतंय समजावं. जुनं घर घेणाऱ्यांना बाहेरच्या विटा-लाकडं तपासून देणं हा तिचा रोजचा धंदा. पण आज गिऱ्हाईक ती स्वतःच होती. आणि घर तरी कुठलं? जिथे वरच्या मजल्यावर तिचं सगळं बालपण भाड्यानं राहिलं होतं, तेच!

दलालानं मागच्या गल्लीतून आणलं, घर रिकामं आहे म्हणाला आणि फोन कानाला लावून सटकला. त्यामुळे खालचं दार उघडलं तेव्हा तिच्या हातातला स्क्रूड्रायव्हर पडता पडता राहिला.

"टकटक...?"

या नावानं हाक मारणारा जगात एकच माणूस होता — घरमालकांचा मुलगा. लहानपणी ती हाच कठडा वाजवत जिना उतरायची, म्हणून त्यानंच ठेवलेलं नाव ते. कानाजवळ चार केस पांढरे, नाकावर चष्मा, बाकी सगळा तोच. चौकात त्याचं चष्म्याचं दुकान होतं, हे पुढे बोलता बोलता कळलं. आई आता बहिणीकडे परगावी राहायला गेली होती, हाही दुकान आवरून तिकडेच चालला होता, म्हणून घर विकायला काढलेलं. एकटाच होता अजून. शेवटच्या बातमीनं तिला उगाच बरं वाटलं, आणि तो चालला म्हणून वाईटही.

"तुम्ही... घर बघायला आलात?"

"तुम्ही... अजून इथेच?"

वेण्या ओढणारा अहो-जाहो करत होता, चिमटे काढणारी मान खाली घालत होती. मग दोघांनाही हसू आवरेना.

ती खिडक्यांच्या चौकटी टोचत पुढे, तो शिडी सांभाळत मागे. मधल्या काळात कोण कुठे होतं, कोणाचं काय झालं, सगळं चौकटी-चौकटीला विचारून झालं.

"एवढं टोचता... लाकडाला दुखत नाही?"

"टोक आत शिरलं तर लाकूड गेलं. ही सगळी जिवंत आहेत. जवसाचं तेल पाजलं की झालं."

"आणि माणसं कशी तपासता?"

"ती न टोचताच कळतात," ती म्हणाली, आणि शिडीवरून उतरताना एक पायरी चुकली. त्यानं हात धरला, आणि सोडायला जरा उशीरच केला.

जिन्याची एक पायरी सोडली तर लाकूडकाम ठणठणीत होतं. मनातल्या मनात तिनं पडदेसुद्धा लावून टाकले. मग कोपरा वळून ती रस्त्याकडच्या भिंतीपाशी आली, आणि तिचा चेहराच उतरला.

सगळी भिंत निळ्या तेलरंगानं माखलेली. जागोजागी फुगे आलेले. तिनं एक पोपडा उचलला तर थरावर थर निघाले, आणि त्यांच्याखाली वीट चहात बुडालेल्या बिस्किटासारखी हाताशी आली.

"कुठल्या गाढवानं हे केलंय?" ती भडकलीच. वीट पावसात पाणी पिते आणि उन्हात वाळते, असा तिचा जीव असतो. वरून तेलरंग फासला की पाणी आतच कोंडतं आणि वीट आतून मरते. हे सगळं तिनं त्याला तावातावानं ऐकवलं. तो चष्मा पुसत राहिला.

सकाळीच दादानं फोनवर बजावलं होतं, की स्थळं नाकारायची आणि पडकी घरं बघायची हे तुझं चालू दे, पण भिंत आजारी निघाली तर मी एक पैसा काढणार नाही. त्याच्याशिवाय घर घेणं तिच्या आवाक्यातलं नव्हतं. आणि भिंतीबद्दल खोटं बोलणं तिच्या रक्तात नव्हतं.

एक काम उरलं होतं. घर लांबून एकदा पुरतं बघायचं असतं. ती रस्त्याच्या वळणापर्यंत चालत गेली आणि मागे वळली. ओळीनं सगळी घरं लाल, एकसारखी. त्यांत ही एकच भिंत निळी.

आणि तिला घर सोडतानाचा तो ट्रक आठवला. सामानावर बसलेली ती, खाली उभा असलेला तो. रडू लपवायला काहीतरी बोलायचं म्हणून ती बोलली होती...

ती जवळजवळ पळतच परत आली.

"बाकी तिन्ही भिंती सोडून हीच का रंगवलीत?"

त्यानं चष्मा नाकावर नीट बसवला. "तूच म्हणाली होतीस ना... इथली सगळी घरं सारखी लाल, परत आले तर सापडणार कसं? फाटकासाठी रंगाचा डबा आणलेला होता. बाबांनी चांगलं सोलून काढलं मला."

"एकदा रंगवलीस. मग एवढे थर कसे?"

"उन्हानं फिका पडायचा गं. लांबून दिसेनासा व्हायचा."

तिचे डोळे भरले आणि हसूही फुटलं. "आणि मी आले मागच्या गल्लीतून!"

त्या संध्याकाळी तिनं दादाला खरं तेच सांगितलं. भिंत आजारी आहे, पण बरी होण्यातली आहे आणि बरी करायला मी समर्थ आहे. दादानं तासभर डोकं खाल्लं आणि शेवटी हो म्हणाला.

किल्ली देऊन जायचं, तर हा पठ्ठ्या भिंत नीट होईपर्यंत थांबतो म्हणाला. दोघांनी मिळून हलक्या हातानं रंग खरवडला. सांधे कोरून त्यांत चुना भरला. ज्या विटांचं तोंड झडलं होतं त्या काढून उलट्या बसवल्या, कारण विटेची आतली बाजू कोरी करकरीत राहिलेली असते. चुन्यानं हात पांढरे, चष्म्यावर ठिपके, आणि 'तुम्ही' कधीच कुठेतरी गळून पडलेलं.

शेवटी दाराशेजारची एकच निळी वीट राहिली. तो छिन्नी उचलणार, तर तिनं हात आडवा घातला.

"ती राहू दे. परवा तू चाललास ना... परत यायचं झालं तर तुला घर सापडायला नको?"

तो विटेकडे बघत राहिला. मग तिच्याकडे.

"आणि मी गेलोच नाही तर?"

तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तिनं छिन्नी स्वतःच त्याच्या हातात दिली.

"मग तीही उलटी बसवू."

त्यानं छिन्नी घेतली. पण लावण्याआधी बोटांनी ती वीट वाजवून बघितली.

टक टक... टक.

भरीव वाजली.